लाल गाडी आणि जांभळीचं वळण

मस्कत, २० सप्टेंबर २०२४

प्रिय मामूजान,

सलाम. बोर्लीचा रेहान उद्या सुट्टीवर निघतोय. त्याच्या बॅगेत हे पत्र, मुमानीसाठी खजूर आणि तुमच्यासाठी गुडघ्याचं मलम टाकलंय. मलम लावा, नुसतं कपाटात ठेवू नका.

इथल्या गॅरेजात मला वर्ष झालं. आम्ही इंजिनाला हात लावत नाही. आमचं सगळं काम गाडीच्या पोटाखाली, म्हणजे स्प्रिंगा, शॉकअप आणि टायर. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मालकाने मला डोंगराच्या रस्त्यावर नेलं, एकदा कामाआधी आणि एकदा कामानंतर. तोच रस्ता, तेच वळण आणि तोच माणूस चालवणारा. पहिल्या वेळी मी दाराला धरून बसले होते. दुसऱ्या वेळी गाडी वळणातून अशी गेली की दारावरचा माझा हात आपोआप सुटला. मामू, मी हे काम शिकलेली मुलगी आहे, मला त्यातलं गणित येतं. तरीसुद्धा वाटलं की हे गणिताच्या पलीकडचं काहीतरी आहे.

तेव्हाच ठरवलं, तुमच्या अंगणात मी ठेवून आलेली माझी लाल गाडी अशीच करायची. सामान मी इथून पाठवीन, आपला गॅरेजवाला अल्पेश बसवील. तुम्ही फक्त ती चालवून बघा आणि वळणावर काय करते ते मला लिहा. तीस वर्षं तुम्ही याच देशात पाण्याचा टँकर चालवलात, तुमच्या लिहिण्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. चालवाल ना?

तुमची सादिया

दिघी, ९ ऑक्टोबर २०२४

सादिया बेटी,

सलाम आणि दुआ. खजूर पोचले. मलम लावलं, वास घोड्याच्या तबेल्यासारखा आहे, पण गुडघा खूश आहे.

आता तुझ्या गाडीचं. जाताना तू ती माझ्या दारात लावलीस आणि चावी माझ्या हातात दिलीस, तेव्हाच तुझा डाव मला कळला होता. ‘मामू, नुसती ऊन-पावसात बघा हं’ म्हणालीस. गाडी बघायची असती तर तुझ्या बापाच्या दारात काय कमी जागा होती? मी ती चालवावी म्हणून ठेवलीस. मी चालवणार नाही. हे एकदाच लिहितो.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण घरात हे बोलता येत नाही. मी मस्कतहून कायमचा परत आलो त्याच वर्षी म्हसळ्याच्या पुढच्या घाटात, जांभळीच्या वळणावर, कुठल्या तरी ट्रकचं तेल सांडलं होतं. माझी जीप नवीन होती, वेग बैलगाडीचा होता. मी स्टिअरिंग फिरवलं आणि जीपने ऐकलं नाही. ती सरळ चालली. कठड्याने अडवलं म्हणून आज पत्र लिहितोय. शेजारी तुझी मुमानी हुस्नबानू होती, तिचा हात मोडला. कुणाची चूक नव्हती, पोलिसानेही तसंच लिहून घेतलं. पण तेव्हापासून हुस्नबानू माझ्या शेजारी बसली नाही आणि मीही तिला बस म्हणालो नाही. जीप विकली. लोकांना वाटतं मी दरीला घाबरतो. दरीचं काय, ती तिथेच असते. ती शेजारी बसेल, मी स्टिअरिंग फिरवीन आणि गाडी पुन्हा ऐकणार नाही, याची मला भीती आहे.

म्हणून हे सगळं कागदावर. फोनवर बोलायला गेलं की मुमानी दोन मिनिटांत फोन ओढून घेते आणि गाडीचं बोलणं तुझ्या जेवणावर जातं. शिवाय तिच्यासमोर घाटाचं नाव मी काढत नाही.

तुझं मन मोडायचं नाही म्हणून अल्पेशला चालवायला बसवून मी बाजूला बसलो. बोर्लीपर्यंत गेलो. तर ऐक. तुझी गाडी दिसायला वाघीण आहे आणि वळायला म्हैस. वळण आलं की आधी अंग टाकते, मग नाक सरळ नेते, मग टायर रडतात आणि सगळ्यात शेवटी वळते. डांबराच्या ठिगळांवर मागची बाजू उड्या मारते. टायरच्या नक्ष्या अजून चांगल्या आहेत, पण नख रुतत नाही. एवढं पुरे की अजून लिहू?

मामू

मस्कत, २ नोव्हेंबर २०२४

मामूजान,

सलाम. पुरे कसलं, मालकाला वाचून दाखवलं. तो मल्याळी, त्याला भाषांतर करून सांगितलं. म्हणाला, या माणसाला इकडे परत पाठवा.

रेहान परत येऊन पुन्हा निघाला, आता त्याच्या मामेभावाचं लग्न आहे म्हणे. या वेळी बॅगेत कपडे कमी आणि माझं सामान जास्त आहे. चार स्प्रिंगा आणि चार शॉकअप. मुंबईच्या विमानतळावर विचारलं तर काय सांगू म्हणत होता. मी म्हटलं, गाडीची कंबर आहे म्हणून सांग.

शॉकअपच्या नळीवर आटे आहेत. स्प्रिंगखालची चकती त्या आट्यांवर फिरवली की गाडी वर-खाली होते. अल्पेशला सांगा, तीन बोटं खाली घे. गाडी जितकी खाली तितकं वळणावर तिचं अंग कमी झुकतं. वरच्या टोकाला एक बटण आहे, ते फिरवलं की टिक टिक वाजतं आणि शॉकअप कडक होतो. ते पार शेवटपर्यंत कडक करा. नंतर चाकांचं अलाइनमेंट करायलाच हवं, नाहीतर नवे टायर महिन्यात खाल्ले जातील. टायरचं नंतर लिहिते.

तुम्ही चालवणार नाही म्हणालात, ते वाचलं. मी काही म्हणत नाही. फक्त बाजूला बसून लिहीत राहा.

सादिया

दिघी, १ डिसेंबर २०२४

सादिया बेटी,

सलाम. आधी चांगलं लिहितो, मग तुझे कान पकडतो.

सामान आलं त्या दिवशी अल्पेशने काम बंद ठेवलं. स्प्रिंगा टेबलावर मांडून नुसता बघत बसला. कुणाला हात लावू देईना. मलाही धुतलेल्या हातांनी या म्हणाला. बसवून झाल्यावर गाडी जमिनीला अशी लागली की आमची मांजर तिच्याखाली शिरायची ती आता बाहेर बसून रागाने बघते. बोर्लीच्या रस्त्यावर गुळगुळीत डांबर आहे तेवढ्या तुकड्यात अल्पेशने वळण घेतलं आणि माझ्या मांडीवरची पिशवी जागची हलली नाही. मी पिशवीकडेच बघत राहिलो. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

पुढे ठिगळं लागली आणि माझी कवळी हातात आली. त्याचं मी तुला काही बोलत नाही.

अलाइनमेंटचं मशीन अलिबागला, म्हणून आम्ही आगरदांड्याच्या फेरीबोटीवर निघालो. ओहोटी होती, पाणी पार खाली गेलेलं. बोटीचा रॅम्प जेटीच्या उतारावर तिरका टेकलेला. अल्पेशने गाडी चढवली, पुढची चाकं बोटीवर, मागची रॅम्पवर आणि पोट मधल्या कोपऱ्यावर. कर्रर्र. पुढे जाईना, मागे येईना. गाडी रॅम्पवर म्हटल्यावर बोट सुटेना. मागे स्कूटर, दोन जीप आणि मुरूडला जाणारं एक आख्खं वऱ्हाड. खलाशांनी ढकललं, वऱ्हाडातल्या पोरांनी उचलायला बघितलं, नवरदेवानेही सूट काढून हात लावला. मी खाली उतरून उभा. तीस वर्षं परदेशात गाडी चालवलेला माणूस, आणि लोक म्हणतायत, चाचा, हिला पेट्रोल घालता का दूध?

सादिया, तू दिघीची पोर. याच जेटीवर मी तुला पोहायला शिकवलं. भरती-ओहोटी तुझ्या आईच्या डोक्यात आधी आणि कॅलेंडरात नंतर असायची. आणि तू गाडी तीन बोटं खाली घेताना ओहोटी विसरलीस?

शेवटी सगळे खाली बसलो. वऱ्हाडाने डबे उघडले, मलाही बिर्याणी मिळाली. आणि मग पाणी चढायला लागलं. आवाज नाही, घाई नाही. एवढी मोठी बोट, तिच्यावरची माणसं, तुझी लाल गाडी, सगळं त्या पाण्याने बोटाबोटाने वर उचललं. रॅम्पचा कोपरा हळूहळू सपाट होत गेला आणि गाडीचं पोट आपोआप सुटलं. जन्मभर हे पाणी बघतोय, पण ते काय करतं ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. अल्पेश हात जोडून उभा होता आणि मी मनात कलमा म्हणत होतो.

आता ही गाडी वर घ्यायची की तुला समुद्र खाली करून हवाय, ते कळव.

मामू

मस्कत, १४ डिसेंबर २०२४

मामूजान,

सलाम. कान पकडलेत ते अजून लाल आहेत. मालक हसून हसून खुर्चीवरून पडला, पण मला हसू आलं नाही. मी इथल्या रस्त्यांसाठी गाडी केली. इथे खड्डा पडला तर पेपरात येतो. आपल्या रस्त्याला मी विसरलेच.

रात्रभर विचार करून एक गोष्ट सुचली. मला ती शिकवताना सांगितली होती, पण तेव्हा नुसती लिहून घेतली. गाडी कितीही मोठी असू दे, तिचा रस्त्याला स्पर्श किती? एका टायरचा तळहाताएवढा. म्हणजे सगळी गाडी, आतली माणसं आणि त्यांचा वेग फक्त चार तळहातांवर उभा असतो. वळायचं, थांबायचं, वाचायचं, सगळं त्या चार तळहातांनीच. मामू, हे आठवलं की मला रोज नवल वाटतं, की आपण सगळे एवढ्याशा जागेवर विसंबून घाट चढतो.

स्प्रिंग आणि शॉकअपचं खरं काम गाडीला ताठ करणं नाही. त्या चार तळहातांना जमिनीवरून सुटू न देणं एवढंच आहे. मी सगळं कडक करून ठेवलं. म्हणून ठिगळावर चाक उडतं, आणि उडालेलं चाक कुणाचं ऐकणार? चकती फिरवून गाडी वर घ्या, जुन्या उंचीपेक्षा एकच बोट खाली ठेवा. बटण मागे फिरवा, निम्म्यापेक्षा मऊ. ते तुम्ही स्वतः फिरवा, अल्पेशला देऊ नका. त्याला कडकच आवडेल, तो जवान आहे.

आणि टायर. नक्ष्या असल्या तरी रबर म्हातारं झालं की दगड होतं, तुमचं नख बरोबर सांगत होतं. मऊ रबराचे, बाजूने भक्कम असे नवे चार घ्या. रुंदी थोडीच वाढवा, जास्त नको. मी अलिबागच्या दुकानाशी बोलले आहे. सुरुवातीला जपून चालवायला सांगा, नव्या रबरावर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो, तो झिजला की पकड येते. हवा सकाळी गार टायरला बघायची. जांभळीच्या वळणावर तेल सांडलं असेल तर कुठलाच टायर जादू करत नाही, हेही खरं लिहिते. पण तेल नसेल तेव्हा ही गाडी ऐकेल. हे मी माझ्या कामाच्या भरवशावर लिहिते.

सादिया

दिघी, ५ फेब्रुवारी २०२५

सादिया बेटी,

सलाम. पत्राला उशीर झाला. टायर यायला वेळ लागला, मग लिहायला हात होईना.

माघी गणपतीला अल्पेश बायकोपोरांना घेऊन पालीला गेला. त्याच दिवशी शेजारच्या निकाहाच्या मंडपाचा टेम्पो आला आणि गाडी नेमकी त्याच्या वाटेत. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. मुमानी त्यांच्याच घरी मसाला भाजायला गेलेली. मी चावी घेतली. म्हटलं, चार हात मागे घ्यायची आहे, त्यात काय.

मागे घेतली. टेम्पो आत गेला. आणि मी फाटकातून बाहेर पडलो.

का ते विचारू नकोस. क्लच धड सुटत नव्हता. बोर्लीच्या रस्त्याला लागलो. बटण तू सांगितलंस तसं माझ्या हातांनी मऊ केलेलं. ठिगळं आली तर गाडीने ती गिळली, मला फक्त कळवलं की इथे ठिगळ होतं. पहिलं वळण आलं. मी नेहमीसारखं आधीपासून फिरवायला लागलो आणि ती लगेच वळली. मी दचकलो, बेटी.

तुला सांगतो का. टँकरात पाणी असतं. तुम्ही वळलात तरी पाणी वळत नाही, ते मागून येऊन गाडीला ढकलतं. तीस वर्षं मी अशी गाडी चालवली जी माझं म्हणणं उशिरा ऐकायची. मी बोलायचं, मग थांबायचं, मग पाणी काय म्हणतं ते बघायचं. नंतर जीपने तर ऐकलंच नाही. आणि ही पोर माझा हात हलायच्या आत ऐकते. स्टिअरिंगमधून रस्ता माझ्या तळव्याला लागत होता, कुठे खडी आहे, कुठे ओल आहे, सगळं. या वयात, एका लाल खेळण्यात बसून, मला पहिल्यांदा कळलं की गाडी चालवणं म्हणजे काय. डोळ्यांत पाणी आलं म्हणून बाजूला थांबलो. बकऱ्यांवाला बाबा बघत होता, त्याला वाटलं पेट्रोल संपलं.

म्हसळ्यापर्यंत गेलो. घाट सुरू होतो तिथे वळवून परत आलो. एकट्याने तिथे जाऊन उपयोग नव्हता. जे सिद्ध करायचं होतं ते शेजारच्या सीटवर कुणी बसल्याशिवाय होणार नव्हतं.

गाडी होती तिथे लावली. मुमानी आली, जेवण वाढलं, काही विचारलं नाही. मीही चावी गुपचूप जागेवर ठेवली. सादिया, तुझ्या हाताला काय येतं ते तुला कळतंय का? मला नीट शब्द सापडत नाहीत.

मामू

मस्कत, १४ फेब्रुवारी २०२५

मामूजान,

सलाम. तुमचं पत्र गॅरेजात वाचलं आणि टायरांच्या ढिगामागे जाऊन रडले. मालकाने चहा आणून दिला.

घाट चढायचा की नाही ते मी सांगणार नाही. एकच विचारते. मुमानीला भीती वाटते हे तुम्ही ठरवलंत की तिने सांगितलं? तुम्ही बोलत नाही म्हणून ती बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणून तुम्ही. फोन ओढून घेणारी बाई एवढ्याच एका गोष्टीवर गप्प का, याचं मला लहानपणापासून कोडं आहे. तिला एकदा विचारा.

सादिया

दिघी, २४ फेब्रुवारी २०२५

सादिया बेटी,

सलाम. तू विचारा म्हणालीस. मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही. तिनेच विषय काढला.

तिची बहीण तळ्याला असते, तुला माहीत आहे. रमजानच्या आधी तिला भेटून यायचं होतं. मी म्हटलं, अल्पेशला सांगतो, तो नेईल गाडी. तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “अल्पेश कशाला? तुमी चालवा. तो पालीला गेला तवा चालवलीत ना. बोर्लीची माणसं काय आंधळी न्हायत.”

मी म्हटलं, घाट आहे मधे.

तर म्हणाली, “हाय ना. मला ठावं हाय कुठं हाय तो. बसतेस का म्हणून तुमी विचाराल, विचाराल, म्हणून थांबले. तुमी जीपच विकलीत.”

एवढंच. परत भाकरी थापायला लागली. मी अंगणात जाऊन चारी टायरची हवा बघितली. नंतर परत बघितली.

काल निघालो. ती पुढे बसली, माझ्या शेजारी. पट्टा लावायला जमेना, मी लावून दिला. म्हसळा येईपर्यंत ती बहिणीच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती. घाट लागला आणि गप्प झाली. मला वाटलं, आता तिला तो दिवस आठवत असणार. बाजूला बघायची छाती होईना.

जांभळीचं वळण आलं. रस्ता कोरडा होता. मी वेग आधीच कमी केला, नजर वळणाच्या पलीकडे टाकली आणि हात फिरवला. बेटी, गाडी वळली. ना झुकली, ना सरकली. ते चार तळहात मला खाली जमिनीला लागलेले जाणवत होते, एकेक वेगळा. उजव्या बाजूला तो कठडा होता, नव्या रंगाचा. तो आला आणि मागे गेला. ज्या जागेला मी एवढी वर्षं मनात धरून बसलो ती जागा इतकीशी होती. मी मोठ्याने अलहम्दुलिल्लाह म्हटलं.

तिकडून काही उत्तर आलं नाही. मला वाटलं ती रडत असेल. घाट उतरून सरळ रस्ता लागला तेव्हा बाजूला बघितलं.

आता हे तुला सांगायला हवं. त्या अपघातानंतर हुस्नबानू कुठल्याही गाडीत डोळे मिटत नाही. एस्टीत नाही, रिक्षात नाही, जावयाच्या गाडीत मुंबईपर्यंत जातानाही नाही. पुढच्या सीटचा दांडा धरून, ताठ बसून, रस्ता बघत जाते. चालवणाऱ्यापेक्षा जास्त तीच चालवते. डॉक्टरने प्रवासात झोपायची गोळी दिली होती, तीही तिने घेतली नाही.

ती झोपली होती. मान माझ्या बाजूला कलंडलेली, तोंड थोडं उघडं, मोडून जुळलेला हात मांडीवर उताणा पडलेला. वळण कधी आलं आणि कधी गेलं हे तिला कळलंच नव्हतं.

मी काच वर घेतली, वारा तिच्या तोंडावर येत होता. तळा आलं. बहिणीचं घर रस्त्यालगतच. बहीण दारात उभी होती, आम्हाला बघून हात वर करून ओरडायच्या बेतात होती. मी ओठांवर बोट ठेवलं आणि गाडी पुढे काढली.

तुझा मामू